नखं बघितली का?

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी नाईक होतो. वय एकतीस, नोकरी बारा वर्षं. बटालियन ग्लेशियरवर चालली होती. माझ्या वाट्याला आलेल्या पोस्टचं नाव आणि उंची सांगत नाही; तशी पद्धत नाही, आणि वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडतही नाही. वर नऊ माणसं, फायबरच्या दोन हट, एक मोर्चा आणि जिकडे बघावं तिकडे बर्फ. तिथं तीन महिने काढायचे होते. बेस कॅम्पला सामानाची तपासणी झाली. जादा मोजे, थर्मास, देवाचा फोटो, सगळं माझ्याकडे रीतसर निघालं. तंबाखू निघाली नाही, कारण ती मी स्लीपिंग बॅगच्या तळाशी शिवून टाकली होती.

मागच्या महिन्यात आमच्या केजच्या एका कार्यक्रमात मला बोलायला नेलं होतं. संयोजक म्हणाले, "फौजी, चांगल्या सवयी कशा लावायच्या अन्‌ वाईट कशा सोडायच्या, ह्याचे पाच-सहा मंत्र सांगा. लोकाला लई गरज हाय." मी पहाटे उठणं, अंथरुणाची घडी, बुटाचं पॉलिश असं दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. परत येताना जीपमध्ये बसलो आणि मला माझीच लाज वाटली. बोललो ते खोटं नव्हतं, पण जे सांगायला पाहिजे होतं ते मी गिळलं होतं. ते इथं लिहितो.

तंबाखू मला वडिलांनी लावली. लावली म्हणजे तोंडात कोंबली नाही. खुरपणीला बसलं की ते मळायचे, सगळ्यांना एकेक चिमूट द्यायचे, आणि पंधराव्या वर्षी त्यांनी मलाही माणसांत धरलं. मला त्याचा अभिमान वाटला होता. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की गाव विचारण्याआधी तंबाखू विचारतात. नाही म्हणणारा एक तर आजारी, नाहीतर शिष्ट. भरती झालो तेव्हा वडिलांनी त्यांची लाल चंची मला दिली. दोरी ओढून बंद करायची कापडी पिशवी, एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुन्याची डबी. बारा वर्षं ती माझ्या खिशात होती. फौजेनं मला दाढी, सलामी, वेळ, सगळं शिकवलं. चंचीपुढे मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

आता एक साधी गोष्ट सांगतो. हातमोजे घालून तंबाखू मळता येत नाही. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, आणि उजव्या अंगठ्यानं रगडायचं. उघड्या हातांचंच काम आहे ते. बीडच्या उन्हात ह्याचा विचार करायची वेळ कुणावर येत नाही.

वर प्रत्येकाला एक बडी असतो, म्हणजे ठरवून दिलेला जोडीदार. माझा बडी लान्स नाईक सुदाम, गाव उमापूर, तालुका गेवराई. घरी मेंढरं. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, रँकनं एका फितीनं खाली. चारचौघांत मला 'नाईकसाब' म्हणायचा, दोघंच असलो की 'ज्ञान्या'. जिल्हा एक, म्हणून आमची जोडी लागली. पानसुपारीसुद्धा न खाणारा माणूस. बोलणं कमी, पण बोलला की समोरच्याची फजिती करूनच थांबायचा.

दिवसातून दोनदा बडी चेक. सकाळी ०६०० आणि दुपारी १६००. हटच्या आत बसून एकेक हातमोजा काढायचा. बडीनं एकेक बोट हातात धरून मोजायचं, टॉर्च मारून नखं बघायची. नखं गुलाबी असली तर ठीक. पांढरी म्हणजे बोट गोठायला लागलं. निळी म्हणजे अंगात प्राणवायू कमी पडतोय, लगेच रिपोर्ट करायचा. मग पायाची बोटं. मग रजिस्टरमध्ये बडीची सही, पुढे 'ओके'. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागतात.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अकराच्या सुमारास मी मोर्च्यावर पहाऱ्याला होतो. ऊन पडलं होतं. ऊन बघितलं की आपल्या माणसाला वाटतं, थंडी गेली. मी बाहेरचे आणि आतले, दोन्ही हातमोजे काढले आणि तंबाखू मळली. बार भरला. चंचीची दोरी ओढायला गेलो तर ओढेना. बोटं दोरी धरत होती आणि मला ती धरल्याचं कळत नव्हतं. तेवढ्यात सुदाम माझ्या जागी पहाऱ्याला आला.

"किती येळ झाला?"

"दोन-तीन मिनिटं."

उजवा अंगठा आणि शेजारचं बोट मेणबत्तीसारखं पांढरं पडलं होतं. त्यानं स्वतःच्या कोटाची चेन उघडली आणि माझा हात काखेत दाबून धरला. वीस मिनिटं तसाच उभा होता. रक्त परत आलं तेव्हा अशा कळा आल्या की मी रडलो. त्यानं तोंड दुसरीकडे केलं.

स्वतःच्या हलगर्जीपणानं बोटं गोठवून घेणं हा वर गुन्हा आहे. रिपोर्टमध्ये नाव जातं. त्या वर्षी हवालदारकीसाठी माझं नाव चाललं होतं.

"साळवी साहेबाला सांगू का?" सुदामनं विचारलं. साळवी साहेब म्हणजे आमचे पोस्ट कमांडर, नायब सुभेदार.

"नको."

"मग चंची आण हिकडं. अन्‌ ती शिवलेली पिशवी बी. मला काय दिसत न्हाई व्हय बे?"

मी दोन्ही दिलं. तो म्हणाला, "सोड म्हणलं तर तू सोडणार न्हाईस. आन घेशील अन्‌ तीन दिसांनी मोडशील. त्यापरीस आसं करू. दिसातून येक बार. चारच्या चेकनंतर, हटमधी, पेटत्या बुखारीच्या उबंला. आधी बोटं, मग तंबाखू. चंची माझ्यापशी."

"आणि मधेच तलफ आली तर?"

"तर माझी बोटं मोज. तोंडानं न्हाई, हात लावून. आमची माय सांजच्याला मेंढरं कोंडताना आशीच मोजती. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून. आकडा कुणीबी म्हणतंय. हात ठेवला की कळतंय कुठलं तापलंय अन्‌ कुठलं लंगडतंय."

इतक्या दिवसांत सवय लागते, तितक्या दिवसांत सुटते, असं हल्ली मोबाइलवर कुणी ना कुणी सांगत असतं. मी माझा अनुभव सांगतो. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, कारण नसताना मी जेवणावरून भांडायचो. पण सुदामची युक्ती लागू पडली. दिवसाला दहा-बारा बार खाणारा मी एकावर आलो. चेकही पक्का झाला. चार वाजता मला कुणी हाक मारावी लागायची नाही, मीच टॉर्च घेऊन तयार असायचो. साळवी साहेब इतरांना म्हणायचे, "बडी चेक शिकायचा तर ह्या बीडवाल्यांकडून शिका." मलाही वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. चार वाजता मी बोटांसाठी तयार नसायचो, तंबाखूसाठी असायचो. हळूहळू चेक आखडत गेला. मी विचारायचो, "बोटं?" तो म्हणायचा, "दहा." मी म्हणायचो, "दे." मग तो चंची मागे घ्यायचा आणि विचारायचा, "नखं बघितली का?" मग मी टॉर्च मारायचो. हे रोजचं झालं. चेक खरा राहिला तो त्याच्या त्या एका प्रश्नामुळे. माझ्याकडे सवयीचं फक्त टरफल उरलं होतं, आणि ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सुदाम आठ दिवस खालच्या कॅम्पला गेला. त्याची दाढ दुखत होती, आणि परत येताना रेशन व केरोसीन आणायचं होतं. जाताना चंची घेऊन गेला. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. त्या आठ दिवसांत माझा चेक साळवी साहेब स्वतः करायचे. मी दिवस मोजत होतो. खोटं कशाला बोलू, सुदामची वाट नव्हतो बघत, चंचीची बघत होतो.

तो १३१० ला पोस्टवर पोचला. पाठीवर वीस किलोचं ओझं. आल्या आल्या म्हणाला, "दम लागला," आणि चहा न घेता स्लीपिंग बॅगमध्ये शिरला. मधून मधून कोरडा खोकत होता. मी विचारलं तर म्हणाला, "वाऱ्यानं घसा धरलाय."

एकदा उंचीची सवय झाली म्हणजे झाली, असं नसतं. माणूस आठ दिवस खाली राहून परत वर आला की शरीर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. हे आम्हाला लेक्चरमध्ये सांगितलं होतं. मला ते पाठ होतं.

१६०० वाजले. आभाळ स्वच्छ होतं. हेलिकॉप्टर येऊन जाईल इतका उजेड अजून होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"बोटं?"

"दहा."

"दे."

त्यानं बॅगमधून हात बाहेर काढला. हातात मोजा नव्हता. लाल चंची माझ्यापुढे धरली आणि हात परत आत घेतला. 'नखं बघितली का?' असं त्यानं त्या दिवशी विचारलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. मी मळली, बार भरला, रजिस्टर ओढलं. सुदामच्या नावापुढे 'ओके' लिहिलं. सही केली. चंची त्याच्या कोटाच्या खिशात परत ठेवली, कारण नियम म्हणजे नियम.

तो हात माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब होता. मी चंची बघितली. नखं बघितली नाहीत.

सकाळी ०५१० ला त्याच्या श्वासाच्या आवाजानं मी जागा झालो. बसून होता, आडवं होता येत नव्हतं. हुक्का ओढल्यासारखा छातीत गुडगुड आवाज. ओठांवर गुलाबी फेस. मी टॉर्च मारला. नखं जांभळी होती.

०५१४ ला नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. म्हणाला, "हॅपो." म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या बर्फात बुडून मरतो. त्यावर खरा इलाज एकच, लवकर खाली नेणं.

०५२० ला साळवी साहेब रेडिओवर होते.

"बेस, अल्फा थ्री. एक पेशंट, हॅपो. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"अल्फा थ्री, बेस. मौसम बंद है. स्टँड बाय. ओव्हर."

बाहेर पांढरा अंधार होता. वाऱ्यानं बर्फ आडवा उडत होता, स्वतःचा हात लांब केला तर दिसत नव्हता. ०६०० ला तेच उत्तर. ०६४५ ला तेच. ०७१५ ला वारा जरा पडला. हेलिकॉप्टरला तेवढं पुरेसं नव्हतं. साळवी साहेब म्हणाले, "पायी उतरवू. चार जण. रोप अप."

०७३० ला निघालो. स्लेजवर सुदाम, तोंडावर मास्क, अंगावर दोन स्लीपिंग बॅग. पुढे दोघं, मागे दोघं, सगळे एका दोरावर. मी मागे उजवीकडे होतो. एरवी अडीच तासांची वाट. त्या दिवशी दर वीस पावलांना थांबावं लागत होतं. ०९४० ला पहिला सिलिंडर संपला. दुसरा लावताना मास्कचा पट्टा अडकला. मी माझा उजवा हातमोजा काढून दातांत धरला आणि पट्टा सोडवला. मास्क बाजूला होता तेवढ्या वेळात सुदामनं डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं.

"हातमोजा घाल बे," म्हणाला.

मी घातला. त्यानंतर तो काही बोलला नाही. १०५५ ला त्याचा श्वास थांबला. नर्सिंग असिस्टंटनं अर्धा तास छाती दाबली. १२३० ला आम्ही खालच्या कॅम्पला पोचलो. १४०० ला आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं.

चौकशी झाली. मला विचारलं, आदल्या दिवशीचा चेक झाला होता का? मी म्हणालो, "झाला होता, सर." रजिस्टर समोर होतं. वेळ १६००, 'ओके', सही. कुणाचाही दोष निघाला नाही. चौकशीनंतर डॉक्टरसाहेब बाहेर एका जवानाला समजावत होते की अशा पेशंटचे ओठ आणि नखं आदल्या दिवशीच रंग बदलतात. ते माझ्याशी बोलत नव्हते. मी तिथून उठलो आणि कँटीनमध्ये जाऊन तंबाखू घेतली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेला दुसराच, आणि खोड गेली नाही. पुढचे दोन महिने मी पूर्वीपेक्षा जास्त खाल्ली. एवढा मोठा धक्का बसला की माणूस सुधारतो असं पुस्तकात असेल. मी सुधारलो नाही.

रजेवर आलो तेव्हा आधी उमापूरला गेलो. सुदामचे वडील पूर्वीच वारले होते. घरी आई. धाकटा भाऊ मेंढरं घेऊन रानात. फौजेनं सुदामची पेटी घरी पाठवली होती, सोबत वस्तूंची यादी. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, गावाकडचं विचारलं. मग पेटीतून माझी लाल चंची काढून माझ्यापुढे ठेवली.

"ज्ञानू, येक खरं सांग. माझा सुदाम तंबाखू खायला लागलता का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्याचा बाप त्यानंच गेला. गालाला भोक पडलं होतं, पाणी प्यायलं की भाईर यायचं. सुदामनं माझ्या गळ्याची आन घेतलती, कधी शिवणार न्हाई म्हून. अन्‌ ही त्याच्या कोटाच्या खिशात घावली. दोन म्हैनं झालं, मला झोप न्हाई. त्यो गेला ते गेला, पर माझ्याशी खोटं बोलून गेला का?"

वडिलांचं हे सुदामनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

"आई, ती माझी हाय," मी म्हणालो. "त्यानं कधी शिवली न्हाई. मी जास्त खातो म्हणून त्यानं ठेवून घेतली होती."

एवढ्यावर निभावलं असतं. तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड आला. पण ती धनगराची बाई, अर्धवट मोजणी तिला चालत नाही.

"कावून ठेवून घेतली? तुझं तू खात व्हतास, त्याला काय पडलं व्हतं?"

मग मी सगळं सांगितलं. मेणबत्तीसारखा अंगठा, आधी बोटं मग तंबाखू, आठ दिवस, सोळाशे वाजता पुढे आलेला हात, रजिस्टरमधली सही. चौकशीत जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

"म्हंजे तू चंची बघितलीस."

"व्हय."

"नखं न्हाई बघितली."

"न्हाई."

ती उठली आणि बाहेर गेली. मारलं असतं तरी चाललं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, "ऊठ. मेंढरं आली. मोजू लाग."

घरामागं जाळी लावून मेंढरं कोंडायची जागा होती. जाळीच्या तोंडाशी तिनं मला उभं केलं. मेंढरं एकेक करून आत जात होती आणि मी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत मोजत होतो. त्रेचाळीस.

"त्रेचाळीसच हायत," ती म्हणाली. "आकडा बराबर हाय. आता सांग, लंगडी कुठली?"

मला सांगता येईना. त्रेचाळीस पाठींवर हात ठेवला होता आणि एकही मेंढरू बघितलं नव्हतं.

"भाईर काढ. परत मोज."

परत मोजली. तिसऱ्या वेळी सापडली, काळ्या कानाची, मागचा डावा पाय उचलून टाकणारी. खुरात काटा होता. तिनं तो काढला, हळद दाबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काम करत होते. मी तिथंच खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. सुदाम गेला तेव्हा नव्हतो रडलो.

निघताना मी खिशातली नवी पुडीही तिच्यापुढे ठेवली. तिनं ती चंचीत रिकामी केली आणि दोरी ओढली. म्हणाली, "तंबाखू तुझी हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. पर ही हितं ऱ्हाईल. तलफ आली की हितं यायचं. आधी मेंढरं मोजायची, मग मागून घ्यायची." हे तिला सुदामनं सांगितलेलं नव्हतं. मायलेकांचं डोकं एकच.

केजहून उमापूरला जायचं म्हणजे मांजरसुंबा, बीड, गेवराई, तीन गाड्या बदलून सगळा दिवस. नोकरीची उरलेली वर्षं कसाबसा धरून राहिलो. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा तलफ आली की मला एसटीची वेळ आठवायची, आणि अर्ध्या वेळी तिथंच तलफ मोडायची. दोनदा मांजरसुंब्यापर्यंत गेलो, ढाब्यावर चहा प्यालो आणि परत फिरलो. एकदा थेट पोचलो. तिनं एक शब्द विचारला नाही. मेंढरं मोजून घेतली, लंगडी विचारली, आणि चंची पुढे केली. मी मळली, बार भरला. इतक्या दिवसांनी डोकं गरगरलं. घरामागं जाऊन थुंकलो. ती शेवटची. जीपमध्ये अजून कुणीतरी तळहात पुढे करतं. "घ्या की फौजी." मी नको म्हणतो. "लई शिष्ट झालासा राव," म्हणतात. झालो.

मंत्र विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगेन. वाईट सवय मोडणं अवघड आहेच, पण ते निदान सगळ्यांना दिसतं. चांगली सवय आतून कुजते ते कुणालाच दिसत नाही. वेळ पाळली जाते, सही होते, आकडा बरोबर येतो. मी बायकोला रोज सकाळी विचारतो, बरं आहे का? ती म्हणते, बरं आहे. मग मी तिच्या तोंडाकडे बघतो. पूर्वी बघत नव्हतो.

लान्स नाईक सुदामचं नाव गावातल्या शाळेच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे. तो गेला त्या तारखेला मी दरवर्षी उमापूरला जातो. आधी शाळेपुढे उभा राहतो, सलाम करतो, मग घरी. आता धाकट्यानं मेंढरं कमी केली आहेत आणि आईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. ती माझे दोन्ही हात मांडीवर घेते आणि एकेक बोट चाचपून मोजते. अंगठ्यापाशी जरा थांबते. मग तळव्याचा वास घेते आणि म्हणते, "दहा."

मग माझी पाळी. ह्या वर्षी चार वाजले होते. मी तिचे हात धरले, तिला दारातल्या उजेडात आणलं, आणि एकेक बोट मोजलं. करंगळीचं नख फुटलं आहे. बाकीची गुलाबी आहेत.

"दहा," मी म्हणालो.

"नखं बघितली का?"

"बघितली, आई."